स्त्रीलिंगी राजा : हातशेप्सुत आणि इजिप्तची राजशिल्पे



प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे १८२२ मध्ये सोडवणारा फ्रेंच पंडित शाँपोल्याँ १८२९ साली नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, थीब्ज नगरीसमोरच्या डोंगरकड्याखाली वसलेल्या देर-एल-बहरीच्या मंदिरात गेला, तेव्हा त्याच्यापुढे एक नवेच कोडे उभे राहिले. भिंतीवर एक राजा कोरलेला होता. हनुवटीला दाढी, मस्तकी मुकुट, अंगावर राजवेष. कशात काही उणे नाही. परंतु शेजारचा मजकूर वाचू लागावे, तो नामे स्त्रीलिंगी आणि क्रियापदेही स्त्रीलिंगी! मराठीत सांगायचे तर ‘राजा आली, राजा सिंहासनावर बसली, राजा आपल्या पित्याची लाडकी लेक आहे’, अशा थाटाचा तो मजकूर होता. ज्या भाषेत क्रियापदाला लिंग नसते, त्या भाषेच्या वाचकाला यातला धक्का समजावून सांगावा लागेल. आपल्या कानाला तो आपोआपच बसतो.

हा स्त्रीलिंगी राजा कोण, हे शाँपोल्याँला नीट उलगडले नाही. कारण राजांच्या ज्या याद्या इजिप्शियनांनी स्वतः कोरून ठेवल्या, त्यांतून हे नाव गाळलेले होते. आज आपण तिला हातशेप्सुत या नावाने ओळखतो. इ. स. पूर्व पंधराव्या शतकात सुमारे वीस वर्षे तिने इजिप्तवर राज्य केले. तिच्या कारकीर्दीची समग्र हकीकत सांगण्याचा माझा मानस नाही. पाषाणात पुरुष म्हणून घडवलेले राजपद एका स्त्रीने धारण केले तेव्हा शिल्पकाराने काय केले, आणि त्यावरून सत्ता व प्रतिमा यांच्या नात्याविषयी आपल्याला काय कळते, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम राजपदाची कल्पना ध्यानात घेतली पाहिजे. इजिप्तचा राजा हा केवळ कारभारी नव्हे. सिंहासनावर असलेला राजा म्हणजे साक्षात होरस देव, आणि मरण पावलेला राजा म्हणजे होरसचा पिता ओसिरिस. पित्याच्या जागी पुत्र यायचा आणि ‘माअत’ म्हणजे सत्य, न्याय व सृष्टीचा सुरळीत क्रम सांभाळायचा, असे हे चक्र होते. देवांना नैवेद्य अर्पण करण्याचा अधिकार तत्त्वतः राजाचाच. पुजारी ते काम त्याच्या वतीने करीत. राजा नसेल तर पूजा खंडित होईल आणि जगाचा तोल जाईल, अशी श्रद्धा होती. या साऱ्या कथेत राजा हा पुत्र आहे, वृषभ आहे, शत्रूचे केस धरून त्याच्यावर गदा उगारणारा वीर आहे. इ. स. पूर्व ३१०० च्या सुमाराच्या नार्मेर राजाच्या पाटीवर ही गदा उगारलेली दिसते, आणि पुढे तीन हजार वर्षे, रोमन अंमलापर्यंत, ती तशीच उगारलेली राहिली.

आणि स्त्रिया? राजघराण्यातील स्त्रियांना मानाच्या पदव्या होत्या. पण त्या पदव्या कशा, ते पाहा : ‘राजाची पत्नी’, ‘राजाची माता’, ‘राजाची कन्या’. प्रत्येक पदवी राजाला धरून. स्वतःच्या अधिकाराने राज्य करणारी स्त्री, या अर्थाचा स्वतंत्र शब्दच त्या भाषेत नव्हता. चित्रकलेचे नियमही असेच ठरलेले. पुरुषाचे अंग तांबूस तपकिरी, स्त्रीचे पिवळसर. पुरुष डावा पाय पुढे टाकून चालतो. स्त्रीचे पाय जुळलेले, फार तर थोडेसे पुढेमागे. राजाला आखूड घडीचे कटिवस्त्र, त्याला मागे बैलाचे शेपूट, डोक्यावर ‘नेमेस’ नावाचे पट्टेदार शिरोवेष्टन किंवा मुकुट, हनुवटीला दाढी. स्त्रीला घोट्यापर्यंत पोचणारे, अंगाला चिकटलेले वस्त्र. या चिन्हांच्या साहाय्याने निरक्षर माणूसही चित्र वाचू शकत असे. शिल्प हे तिथे शोभेचे काम नव्हते; ती दुसरी लिपीच होती.

अशा लिपीत ‘स्त्री-राजा’ कसा लिहायचा? हातशेप्सुतच्या आधी सुमारे तीनशे वर्षे हा प्रश्न एकदा उपस्थित झाला होता. बाराव्या राजवंशाच्या अखेरीस सोबेकनेफेरू नावाच्या स्त्रीने पूर्ण राजपदव्या धारण करून जेमतेम चार वर्षे राज्य केले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तिचा मस्तक नसलेला पुतळा आहे. त्यावर मूळचा पेहराव बाईचा. पण त्या पेहरावावरूनच पुरुषी कटिवस्त्र नेसवले आहे आणि खांद्यांवर नेमेसची टोके उतरली आहेत. म्हणजे शिल्पकाराने काही बदलले नाही, काही लपवले नाही. एकावर एक चढवले. व्याकरणात एकाच शब्दाला दोन प्रत्यय लावावेत, तसा हा प्रकार.

आता हातशेप्सुतकडे वळू. ती पहिल्या थुतमोस राजाची पट्टराणीपासून झालेली मुलगी. त्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे तिचा विवाह सावत्र भावाशी, दुसऱ्या थुतमोसशी झाला. त्यांना नेफेरूरे नावाची मुलगी झाली. इ. स. पूर्व १४७९ च्या सुमारास दुसरा थुतमोस वारला, तेव्हा गादीवर बसला तो दुसऱ्या एका पत्नीपासून झालेला त्याचा मुलगा, तिसरा थुतमोस. तो अगदी लहान होता. सावत्र आई आणि आत्या अशा दुहेरी नात्याने हातशेप्सुत कारभार पाहू लागली. बाळराजाच्या वतीने राजस्त्रीने कारभार पाहणे इजिप्तला नवे नव्हते. त्या काळचा इनेनी नावाचा अधिकारी आपल्या थडग्यातील लेखात, गादीवर पुत्र बसला पण देशाचा कारभार हातशेप्सुत चालवू लागली, असे कोणताही आडपडदा न ठेवता नमूद करतो.

परंतु तिसऱ्या थुतमोसच्या सातव्या राज्यवर्षापर्यंत चित्र पालटलेले दिसते. हातशेप्सुत आता ‘माअत-का-रे’ हे राजनाम धारण करते, तिचे नाव राजाच्या लंबगोल चौकटीत येते, ती ‘वरच्या व खालच्या इजिप्तचा राजा’ होते. तिने बाळराजाला मात्र दूर केले नाही. एकाच वेळी दोन राजे, एकाच कालगणनेने, अशी व्यवस्था सुरू झाली. इथून शिल्पकाराची कसोटी लागली.

तिच्या प्रतिमा एका ओळीत मांडल्या म्हणजे ढोबळ मानाने तीन पायऱ्या दिसतात. पहिल्या पायरीवर, कार्नाकच्या एका चुनखडीच्या शिळेवर, ती लांब वस्त्र नेसलेली स्त्री आहे. पण मस्तकावर राजाचा उंच पिसांचा मुकुट आहे आणि हातांत देवाला अर्पण करायची राजाची पात्रे आहेत. देर-एल-बहरीच्या एका बैठ्या मूर्तीतही पेहराव बाईचा आणि डोक्यावर नेमेस आहे. दुसऱ्या पायरीवरची मूर्ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ती चुनखडीची, गोरी, बैठी मूर्ती. वस्त्र राजाचे आहे, दाढी नाही. बांधा नाजूक, छातीचा उभार सौम्य, चेहरा निमुळता. वेष पुरुषाचा, देह स्त्रीचा. तिसऱ्या पायरीवर लाल ग्रॅनाइटच्या प्रचंड मूर्ती येतात. गुडघे टेकून देवाला पात्रे अर्पण करणाऱ्या त्या मूर्तींत दाढी, रुंद छाती, पिळदार अंग असा सगळाच पुरुषी थाट आहे. नाव वाचल्याशिवाय ही स्त्री, असे कोणी म्हणणार नाही.

रंगही तेच सांगतो. देर-एल-बहरीच्या मंदिरात ओसिरिसच्या रूपातील तिच्या उभ्या मूर्ती होत्या. बेल्जियन अभ्यासक रोलाँ तेफ्नँ याने १९७९ साली त्यांची बारकाईने छाननी केली, तेव्हा सर्वांत आधीच्या मूर्तींचा वर्ण पिवळा, पुढच्या मूर्तींचा नारिंगी आणि शेवटच्यांचा तांबडा असल्याचे त्याला दिसले. नारिंगी! स्त्रीचा पिवळा आणि पुरुषाचा तांबडा यांच्या मधला हा रंग शिल्पकारांनी जणू तिच्यासाठीच कालवला. पुढे कसे जायचे याचा नमुना त्यांच्यापुढे नव्हता. ते पाऊल चाचपत पुढे जात होते.

येथे एक स्वाभाविक शंका येते. ही सारी फसवणूक तर नव्हे? स्त्री राज्य करते हे लोकांपासून लपवण्यासाठी तिने पुरुषाचे सोंग घेतले, असे पूर्वी पुष्कळांनी मानले. पण ही उपपत्ती टिकत नाही. सोंग घेणारा माणूस आपले नाव प्रथम बदलतो. हिने आपले नाव बदलले नाही, आणि त्या नावाचा अर्थच मुळी ‘कुलीन स्त्रियांत अग्रगण्य’! ती दाढी लावून उभी राहते, आणि शेजारी ‘रेची कन्या’, ‘दोन भूमींची स्वामिनी’ असे कोरवून घेते. ती स्त्री आहे हे दरबाराला ठाऊक होते, पुजाऱ्यांना ठाऊक होते, आणि लेख कोरणाऱ्या कारागिराला तर अक्षरागणिक ठाऊक होते.

मग दाढी कशासाठी? याचे उत्तर त्या दाढीतच आहे. राजाची ती दाढी पुरुष राजाचीसुद्धा खरी नसे. ती कृत्रिम असे, आणि कानामागून घेतलेल्या दोरीने बांधल्यासारखी दाखवीत. कित्येक मूर्तींवर ही दोरी स्पष्ट दिसते. म्हणजे तिसरा थुतमोसही जन्मतः मिळालेली दाढी मिरवीत नव्हता. तो राजपदाची दाढी मिरवीत होता. दाढी, शेपूट, मुकुट, रुंद छाती ही व्यक्तीची लक्षणे नव्हेत, पदाची लक्षणे होत. इजिप्तचा शिल्पकार राजाचे छायाचित्र काढीत नव्हता. वृद्ध राजालाही तो तरणाबांडच घडवी. हातशेप्सुतने पुरुषाचा वेष घेतला असे म्हणण्यापेक्षा तिने राजाचा वेष घेतला, असे म्हणणे सत्याला अधिक धरून आहे. तो वेष पुरुषी होता, कारण ते पदच पुरुषी कल्पिले होते.

आपला हक्क सिद्ध करण्यासाठी तिने मंदिराच्या भिंतीवर आपल्या दिव्य जन्माची कथा कोरवली. अमून देव पहिल्या थुतमोसचे रूप घेऊन राणी अहमोसकडे येतो. मग ख्नुम हा मेंढ्याच्या मस्तकाचा देव कुंभाराच्या चाकावर बाळाची आणि त्याच्या ‘का’ची, म्हणजे प्राणशक्तीच्या जुळ्या देहाची, घडण करतो. चाकावरची ती दोन्ही बाळे मुलगे आहेत. मजकूर मात्र त्या बाळाला मुलगी म्हणतो. चित्र पदाविषयी बोलते, अक्षरे व्यक्तीविषयी, आणि दोन्ही एकाच भिंतीवर गुण्यागोविंदाने नांदतात. ही कथा म्हणजे एका बाईला शोधावी लागलेली सबब, असेही समजू नये. पुढे तिसऱ्या अमेनहोतेपने लक्झोरच्या मंदिरात आपल्या जन्माची अशीच चित्रे कोरवली, आणि तो तर राजाचा मुलगा होता.

तरीही प्रत्येक गोष्ट जुळवून घेता आली नाही. तिच्या घराण्यातील राजांच्या होरस-नामात ‘बलिष्ठ वृषभ’ हे विशेषण येत असे. हातशेप्सुतने ते गाळले आणि त्या जागी ‘शक्तींनी समर्थ’ अशा अर्थाचे स्त्रीलिंगी नाम घेतले. दाढी लावता येते, वृषभ होता येत नाही, असेच जणू तिने ठरवले. दुसरी अडचण अशी की राजाशेजारी विधींसाठी एक राजस्त्री लागे. ही जागा कोण भरणार? ‘अमूनची पत्नी’ हे धर्मपद हातशेप्सुतने पूर्वी भूषवले होते. ते आता कन्या नेफेरूरेकडे गेले. आई राजा झाली म्हणून मुलीला राणीचे काम करावे लागले! चौकट मोडली नाही. माणसे एकेक घर पुढे सरकली, एवढेच.

त्या चौकटीत राहून तिने केलेले काम मात्र दांडगे आहे. देर-एल-बहरीचे तीन मजली मंदिर आजही कड्याच्या कुशीत उभे आहे. नवव्या वर्षी तांबड्या समुद्रामार्गे पुंत देशाकडे गेलेल्या मोहिमेची चित्रे तिथे आहेत. मुळांसकट टोपल्यांत उचलून आणलेली सुगंधी धुपाची झाडे, पुंतचा राजा पाराहू आणि त्याची स्थूल पत्नी आती, असे सारे तपशील त्यांत दाखवले आहेत. कार्नाकला तिने लाल ग्रॅनाइटचे एकसंध सूचिस्तंभ उभारले. त्यांपैकी एक अजून उभा आहे. उंची सुमारे साडेएकोणतीस मीटर, वजन तीनशे टनांहून अधिक. खाणीतील काम सात महिन्यांत पुरे झाले, असे ती त्यावरील लेखात अभिमानाने नोंदवते.

इ. स. पूर्व १४५८ च्या सुमारास ती वारली. तिसरा थुतमोस एकटा राजा झाला आणि मोठा विजेता म्हणून गाजला. पुढे केव्हातरी तिची नावे छिन्नीने खोडली गेली, आकृत्या तासून काढल्या गेल्या, मूर्ती फोडून खड्ड्यांत टाकल्या गेल्या. १९२० नंतरच्या दशकात विनलॉक याच्या नेतृत्वाखाली मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या पथकाला हे तुकडे सापडले, तेव्हा पंडितांनी त्यातून एक नाट्य रचले. दुष्ट, महत्त्वाकांक्षी सावत्र आई. वीस वर्षे दात-ओठ खात बसलेला राजपुत्र. आणि ती मरताच उफाळलेला सूड. विल्यम हेज याच्या १९५९ च्या ग्रंथातही ती गर्विष्ठ आणि तत्त्वशून्य बाई म्हणूनच येते. एखाद्या पुरुष राजाने गादी बळकावली असती तर त्याला याच मंडळींनी मुत्सद्दी म्हटले असते, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

पुराव्याने हे नाटक कोसळले. १९६६ साली चार्ल्स निम्स याने दाखवून दिले की ही खाडाखोड तिसऱ्या थुतमोसच्या राज्यवर्ष ४२ च्या सुमारास किंवा त्यानंतर सुरू झाली. म्हणजे हातशेप्सुतच्या मृत्यूला वीसएक वर्षे लोटल्यावर. इतका वेळ कोणाचा संताप टिकतो? शिवाय तिच्या हयातीतच थुतमोस जाणता झाला होता. त्याने बंड केल्याची खूण नाही. कार्नाकच्या ‘लाल मंदिरा’त दोघे राजे एकाच वेषात, एकाच बांध्याचे दिसतात, पुष्कळदा ती पुढे, तो मागे. तिच्या पश्चात त्या मंदिराचे अपुरे काम त्यानेच चालू ठेवले होते.

याहून बोलका पुरावा म्हणजे खाडाखोडीतला विवेक. जिथे ती राजा म्हणून दाखवली आहे तिथे छिन्नी चालली. जिथे ती राजाची पत्नी म्हणून दाखवली आहे तिथल्या प्रतिमांना हात लागला नाही. हातशेप्सुत या स्त्रीशी कोणाचे वैर नव्हते. हातशेप्सुत या राजाची नोंद नको होती. बहुधा थुतमोसच्या मुलाचा, दुसऱ्या अमेनहोतेपचा, वारसाहक्क निर्वेध व्हावा म्हणून पित्याकडून पुत्राकडे जाणारी सरळ रेषा पुन्हा आखायची होती, आणि या रेषेत मध्येच एक स्त्री उभी होती.

मूर्तींच्या बाबतीत तर आणखी सावध राहायला हवे. जुन यी वाँग या अभ्यासकाने २०२५ साली उत्खननाच्या जुन्या नोंदी तपासून दाखवले की पुष्कळ मूर्ती मान, कंबर आणि गुडघे अशा ठरावीक ठिकाणी मोडल्या आहेत, आणि कित्येकींचे चेहरे शाबूत आहेत. मूर्तीतील शक्ती शमवण्याचा हा विधी इतर राजांच्या मूर्तींवरही होत असे. उरलेली बरीचशी मोडतोड पुढील काळात दगड म्हणून वापर झाल्याने झाली. नावांची खाडाखोड हेतुपुरस्सर झाली, यात शंका नाही. परंतु प्रत्येक फुटक्या दगडात द्वेष वाचणे बरोबर नाही.

यातली एक विचित्र गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. कित्येक ठिकाणी चित्र न तासता फक्त नाव बदलले गेले आणि त्या जागी पहिल्या किंवा दुसऱ्या थुतमोसचे नाव आले. हे इतके सहज का जमले? कारण चित्र आधीच पुरुष-राजाचे होते. ज्या पदाच्या वेषाने तिला सिंहासनावर बसवले, त्याच वेषाने तिला पुसणे सोपे केले. प्रतिमेत ती स्वतः उरली नव्हती. ती उरली होती नावात आणि स्त्रीलिंगी प्रत्ययात. छिन्नी जिथे घाईत फिरली, तिथे प्रत्यय राहून गेले, आणि शाँपोल्याँला अडखळायला लावले ते याच प्रत्ययांनी.

हा पेच तिच्याबरोबर संपला नाही. शंभरएक वर्षांनी अखेनातेन राजाच्या कार्नाकच्या विशाल मूर्ती घडल्या. अरुंद खांदे, रुंद नितंब, पुढे आलेले पोट अशा त्या पुरुष-राजाच्या देहातच स्त्रीत्व मिसळले आहे. त्याची पत्नी नेफेरतिती बॉस्टनच्या संग्रहालयातील एका शिलाखंडावर शत्रूवर शस्त्र उगारताना दिसते. नार्मेरचा हात तिने उचलला आहे. आणि इ. स. पूर्व ५१ मधला लूव्रमधील एक शिलालेख पाहा. इसिस देवीपुढे एक फेअरो उभा आहे, उघडी छाती, आखूड वस्त्र, मस्तकी दुहेरी मुकुट. खालच्या ग्रीक मजकुरात नाव आहे सातव्या क्लिओपात्राचे! चौदाशे वर्षांनंतरही राजपद दाखवायचे म्हणजे पुरुष दाखवायचा, हा नियम कायम होता.

तेव्हा हातशेप्सुतने काय साधले? तिने राजपदाची कल्पना बदलली नाही, हे मान्य केले पाहिजे. तिला कारस्थानी ठरवणाऱ्यांनी तिच्यावर अन्याय केला. पण तिला आजच्या स्त्रीमुक्तीची अग्रदूत म्हणणारेही तिच्या काळाला न्याय देत नाहीत. ते पद स्त्रीच्या देहाला पेलते, एवढे मात्र तिने वीस वर्षांच्या शांत आणि समृद्ध राज्याने दाखवून दिले, आणि त्यासाठी ‘रेची कन्या’ हे शब्द पुसले नाहीत. चित्रात तडजोड केली, व्याकरणात केली नाही.

कार्नाकच्या सूचिस्तंभावर तिने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. पुढील काळी ही स्मारके पाहणारे लोक काय म्हणतील, या विचाराने आपले मन अस्वस्थ होते, असा त्या मजकुराचा आशय आहे. तिच्या पश्चात त्या स्तंभाभोवती वालुकाश्माची भिंत बांधून तो झाकण्यात आला. पण भिंतीच्या आड त्यावरची अक्षरे ऊन-वाऱ्यापासून सुरक्षित राहिली. भिंत पडली, आणि तिचा तो प्रश्न पाहणाऱ्यांना पुन्हा वाचता येऊ लागला. त्याचे उत्तर देताना आपण तिच्या दाढीकडेच पाहत राहू नये, शेजारची अक्षरेही वाचावीत, एवढेच माझे सांगणे आहे.